अठरा पोती पाला

ठाणाकुशनूर
१९ जानेवारी २०२५

अण्णा,

जयभीम. पत्र बघून तू आधी कुणाचं तरी आजारपण शोधशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते: अप्पा आणि आई दोघंही ठीक आहेत. अप्पांचं बीपी गोळीवर आहे, आईचे गुडघे होते तसेच. फोन करत नाही, कारण तू उचलत नाहीस. उचललास तरी आपलं दोन मिनिटांत बिनसतं. लिहिलेलं वाक्य निदान खोडता येतं.

कारण असं, की गेल्या मार्चमध्ये ज्या पोत्यावरून तू न जेवता परत गेलास, त्या पोत्यातला पाला आता तयार झालाय. काल परसातली जाळी उघडली. वरचा वीतभर थर अजून कोरडाच आहे, पानांच्या शिरा मोजता येतील असा. त्याखाली तपकिरी, आणि तळाला काळा. मुठीत दाबला की ओल लागते पण पाणी गळत नाही. शेणखताचा वास नाही त्याला. मोठ्या झाडाखाली बसल्यावर जमिनीचा येतो, तसा येतो. अठरा पोती पाला होता, चाळून साडेतीन पोती भरली. अप्पा म्हणाले, "हे म्हंजे लग्नातल्या जेवणावानी झालं. रांधायचं ढीगभर अन उरायचं एवढं."

त्याच्या आदल्या वर्षी दोन वाफ्यांत विहाराच्या पिंपळाचा पाला कुजवून घातला होता. त्या वाफ्यांची माती मी बीदरला आमच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासली. सेंद्रिय कर्ब ०.३४ वरून ०.५१ टक्क्यांवर गेलाय. बाकीचे दहा वाफे आहेत तिथंच आहेत. आपली परसातली माती तुला माहीत आहे, मार्चमध्ये तिच्या भेगांत हाताचा पंजा जातो. त्या दोन वाफ्यांना या वर्षी भेग पडलेली नाही. हे मी आकड्यांवरून सांगत नाही, अप्पा रोज बोट घालून बघतात.

३ मार्चबद्दल तुझ्या डोक्यात काय आहे याची मला कल्पना आहे. तरी एकदा क्रम लिहून काढते, म्हणजे निदान आपण एकाच दिवसाबद्दल बोलतोय हे नक्की होईल.

तुम्ही साडेदहाला आलात. गाडीत तू, पंचशीलावहिनी आणि वहिनींचे वडील. वहिनींना सहावा महिना. गाडी वरच्या आळीत, धनराजच्या गल्लीतून वळली, कारण आपल्या बाजूचा रस्ता खोदलेला होता. अप्पा धनराजच्या फाटकासमोर कडुलिंबाखाली खराटा मारत होते. धुळीसाठी तोंडाला टॉवेल बांधलेला. तू गाडी थांबवून फोनवर बोलत होतास, तेवढ्यात वहिनींच्या वडिलांनी काच खाली करून विचारलं, "अहो, नागनाथरावांचं घर कुठं आलं?" आणि अप्पांनी टॉवेल खाली ओढून सांगितलं, "मीच की! या, या."

मग घरी. तू विचारलंस, "कोण सांगितलं तुम्हाला हे काम? धनराजनं बोलावलं?" अप्पा म्हणाले, "मला कोण बोलावतंय? मीच गेलो." तू म्हणालास, "एकतीस वर्षं झाडलासा, पोट भरलं न्हाई व्हय?" आणि आईला म्हणालास, "हा खराटा घरात हाय तवर मी ह्या उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाई." ताटं वाढलेली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. अकरा वाजून पाच मिनिटांनी गाडी गेली.

एवढं सगळ्यांनाच माहीत आहे.

जूनमध्ये मुलगी झाली. तिचं नाव उत्पला ठेवलंत हे आईला वहिनींच्या स्टेटसवरून कळलं. अप्पांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाले, "कान आपल्या घरचे हायत." सात महिने झाले, नातीचे कानच बघितलेत त्यांनी, तेही फोनवर.

महिनाअखेरीपासून लिंब झडायला लागेल. त्याआधी एक दिवस तिला घेऊन येऊन जा.

रूपाली


ठाणाकुशनूर
१६ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

पत्र मिळालं हे वहिनींच्या मेसेजवरून कळलं. त्यात एकच ओळ होती: "खराटा गेला का, असं विचारतायत."

उत्तर: नाही.

उलट या वर्षी लिंब लवकर झडायला लागलाय आणि अप्पा गेले तीन आठवडे रोज सकाळी धनराजच्या गल्लीत जातात. आतापर्यंत सात पोती आली. शनिवार-रविवारी मी गावी असते, तेव्हा मीही जाते आणि पोत्याचं तोंड धरते. आई मला म्हणाली, "तुझं ते नत्र अन कर्ब राहू दे बाजूला. पोरगं कामून येईना ते सांग. त्याच्यावर हाय का औषध तुमच्या त्या काचंच्या नळीत?"

मी म्हटलं, नाही.

अप्पा का थांबत नाहीत, हे मला त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यांत कळलंय. तुला त्यांनी सांगितलं नसणार, म्हणून लिहिते.

बीदरच्या कॉलेजच्या आवारात त्यांच्या हिशेबाने ब्याऐंशी झाडं होती. बदाम, करंज, गुलमोहर, लिंब, सागाची एक रांग. सकाळी सहापासून झाडायचं, दहापर्यंत ढीग लावायचे आणि साहेब आले की काडी लावायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज पाच-सहा ढीग. एकतीस वर्षं. नोकरी लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांनी एक टोपलं पाला घरी न्यायची परवानगी मागितली होती. आईने तेव्हा बीदरच्या खोलीपुढे कढीपत्ता लावला होता, त्याच्या बुडाशी घालायला. त्यांना सांगण्यात आलं की आवारातली वस्तू आवाराबाहेर जाणार नाही. "जाळायला ती कुणाची न्हवती," अप्पा म्हणाले, "न्यायचं म्हणलं की लगेच आवारातली झाली."

२०२२ मध्ये ते निवृत्त झाले आणि गावी आले. मी त्यांना सांगितलं की पाला जाळायचा नसतो, कुजवायचा असतो. नुसतं सांगितलं नाही, आकड्यांनी पटवलं. मी दोन वाक्यं बोलले असेन, ते बोटांवर वर्षं मोजू लागले. मग म्हणाले, "एकतीस वर्षांत मी किती माती जाळली असंल गं?" मी अंदाज करू शकले असते. केला नाही.

आणि तू. तू त्याच कॉलेजात बी.एस्सी. केलीस. तीन वर्षं मागच्या फाटकाने आत यायचास, हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. म्हणून तुझ्या तासांच्या वेळी ते पुढचं आवार झाडायला घ्यायचे. मागचं आवार दुपारी. मुकादमाने विचारलं तर सांगायचे, पुढं कचरा जास्ती पडतो. हेही त्यांनी मला सांगितलं, पण तक्रार म्हणून नाही. कामाची वाटणी सांगावी तसं. मी पुढच्या फाटकाने गेले असते असा माझा दावा नाही. मला ते ठरवावंच लागलं नाही, मी रायचूरला शिकले.

तर अप्पांच्या दृष्टीने हा खराटा तो खराटा नाही. त्यांनी झाडलेला पाला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरी येतोय. पण हे गाडीच्या काचेतून दिसत नाही. मलाही बाहेरून ते दिसलं असतं की नाही, सांगता येत नाही.

पहिल्या वर्षी आमचं काय चुकलं तेही लिहिते, म्हणजे सगळं मला जमतं असा तुझा समज होणार नाही. अप्पांनी विहारातला कोरडा पाला आणला आणि गावाकडे शेणखत घालतात तसा थेट मातीत पुरला. मी त्या वेळी बीदरला होते. फोनवर विचारलं तेव्हा मी "चालेल" म्हटलं, कारण त्या दिवशी माझ्यासमोर एकशे चाळीस नमुने होते आणि मला पटकन फोन ठेवायचा होता. जूनमध्ये वांगी लावली, जुलैत पिवळी पडली. कोरडा पाला कुजताना जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात, रोपाला काही उरत नाही. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. अप्पांना समजावलं तर ते म्हणाले, "म्हंजे पाला आधी आपल्यात बसून जेवतो अन मग आपल्याला वाढतो. पावण्याची रीतच हाय ती." मग मी जाळीच्या दोन उभ्या टाक्या करून दिल्या. त्यात पाला, मध्ये मध्ये शेणकाला, दर पंधरा दिवसांनी पाणी, महिन्याने एकदा खालवर करायचं. वर्षभर थांबायचं. अप्पांना थांबता येतं.

बाराही वाफ्यांना पुरेल इतका पाला विहाराचा पिंपळ देत नाही. म्हणून धनराजच्या गल्लीतले चार लिंब.

तू फक्त खराट्याचं विचारलंस. धनराजची गल्लीच का, हे विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी काय लिहिलं असतं, हे मला या क्षणी माहीत नाही.

रूपाली


ठाणाकुशनूर
१६ मार्च २०२५, दुपार

अण्णा,

आज सकाळची गोष्ट आजच लिहिते. उद्यापर्यंत मी ती नीटनेटकी करून टाकेन.

साडेसातला मी आणि अप्पा धनराजच्या गल्लीत होतो. धनराजच्या धाकट्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. फाटकाला झेंडूची माळ, दारात रांगोळी. अप्पा फाटकाच्या डाव्या बाजूचा पाला भरत होते, मी पोतं धरलं होतं. या वर्षीचं चौदावं. राजूबाई, म्हणजे धनराजची बायको, कपबशी घेऊन ओट्यावर आल्या. चहा त्यांचा स्वतःचा होता.

त्या म्हणाल्या, "नागनाथ, हितलं राहिलं बघ. नळाच्या कडंला. अन त्या गुटख्याच्या पुड्या बी उचल बाबा, पावणे यायलेत."

आवाजात राग नव्हता. अधिकारही म्हणता येणार नाही. आपल्याच घरातल्या माणसाला मीठ आणायला सांगावं, इतक्या सहज. अप्पा त्यांच्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठे आहेत.

अप्पांनी वर पाहिलं नाही. "पाला माझा हाय, राजूबाई. पुड्या तुमच्या."

"अगं बया! रागाला आलास व्हय? एवढं झाडायलासच तर म्हणून म्हणलं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "रूपा, तूच सांग बाई. तूच आली होतीस न्हवं इचारायला? मी काय बोलावनं धाडलं होतं का?"

मी "व्हय" म्हटलं.

अप्पांनी माझ्या हातातलं पोतं घेतलं. अर्ध्याच्या वर भरलं होतं. ते लिंबाखाली नेऊन उलटं केलं, खालची दोन टोकं धरून झटकलं. पाला जिथून उचलला होता, तिथंच पडला. थोडा रांगोळीवरही गेला.

"आरं, हे काय करायलास? पावणे यायच्या टायमाला!" राजूबाई खरंच गोंधळल्या होत्या.

"तुमच्या झाडाचा हाय," अप्पा म्हणाले. "तुमच्याकडंच ठिवा."

पोत्याची घडी घातली, काखेत मारली, खराटा उचलला आणि चालू लागले. मी मागे. गल्लीच्या टोकाला ईरण्णा किराणावाल्याने विचारलं, "काय नागनाथअण्णा, आज लवकर सुट्टी?" अप्पा म्हणाले, "आज रिटायर झालो." ईरण्णा हसला. त्याला तो विनोद वाटला.

घरी आईने रिकामं पोतं बघितलं. "रिकामंच?" अप्पांनी हात धुतले आणि चहा मागितला. मीच सगळं सांगितलं. आई अप्पांना म्हणाली, "पोरगं वर्साखाली हेच म्हणून गेलं तर तुमाला कडू लागलं. आता राजूबाईच्या तोंडून ग्वाड लागलं व्हय?" अप्पा म्हणाले, "न्हाई. कडूच लागलं." मग दोघंही चहा प्यायले.

आता मूळ गोष्ट. गेल्या दोन पत्रांत ती मी टाळली, हे तुझ्या लक्षात आलं असेल किंवा नसेल.

अप्पा धनराजच्या गल्लीत मी सांगितलं म्हणून गेले.

जानेवारी २०२४ मध्ये मी वहीत एक तक्ता केला होता. बारा वाफ्यांना सत्तावीस पोती पाला लागणार. विहारातून नऊ मिळणार. उरलेल्या अठरांसाठी मी गावातली झाडं मोजत हिंडले. शाळेतली करंजं कुंपणाच्या आत होती, नदीकडचा पाला ओला आणि मातकट. चांगला, कोरडा, स्वच्छ, एका जागी मिळणारा पाला धनराजच्या गल्लीतल्या चार लिंबांचा. मी तक्त्यात लिहिलं: लिंब, चार झाडं, अंदाजे अठरा पोती, धनराजचं घर. ते शेवटचे शब्द मी पत्ता म्हणून लिहिले. त्या पत्त्यावर आपले अप्पा खराटा घेऊन उभे राहिले की ते कुणासारखे दिसतील, हा विचार माझ्या मनात आला नाही. आपल्याच घरात वाढून आला नाही. पाल्याचं वजन मात्र दोन किलोच्या फरकाने बरोबर आलं.

अप्पा दोनदा म्हणाले होते, "धनराजची गल्ली राहू दे गं. विहाराचं भागवू." मी वही उघडून दाखवली. नवाने भागत नाही, हे पेन्सिलने गोल करून दाखवलं. लेक एम.एस्सी. आहे, म्हणून त्यांनी ऐकलं. राजूबाईंची परवानगीही मीच जाऊन मागितली. त्या म्हणाल्या, "ने की. रोज न्या. आमचं अंगण तरी साफ व्हईल." त्या काय समजल्या होत्या ते त्या वाक्यात पूर्ण होतं. मी फक्त परवानगी मिळाली एवढंच ऐकून घरी आले, खुशीत.

आणि ३ मार्चला तू विचारलंस, "कोण सांगितलं?" तेव्हा उत्तर द्यायच्या आधी अप्पांनी माझ्याकडे बघितलं होतं. एकदाच. तुला ते दिसलं नाही, तू खराट्याकडे बघत होतास. मी गप्प राहिले. मग ते म्हणाले, "मीच गेलो."

"मी सांगितलं" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? तू माझ्यावर चिडला असतास, आणि नंतर जेवायला बसला असतास. मी का बोलले नाही याचं काही मोठं कारण असेल म्हणून वर्षभर शोधलं. सापडलं नाही. वहिनींचे वडील समोर बसले होते. ते दहा मिनिटांपूर्वी मला "तुमच्या कामाबद्दल राजपाल फार अभिमानाने सांगतो" असं म्हणाले होते. त्यांच्यासमोर मला चुकलेली दिसायचं नव्हतं. एवढंच आहे.

त्याची किंमत म्हणून अप्पांनी नातीचा जन्म स्टेटसवर बघितला. आजपर्यंत त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारलेला नाही. आईला माहीत नव्हतं. आज सकाळी राजूबाईंचं वाक्य सांगताना तिला कळलं. ती माझ्याशी बोलली नाही, पण भाकरी वाढली.

तेव्हा खराट्याबद्दल तू बरोबर होतास. अप्पांच्या मनात तो कशासाठी आहे हे महत्त्वाचं नव्हतं. गल्लीला तो कशासाठी दिसतो, तेच खरं ठरलं. हे तुला एका नजरेत दिसलं आणि मला समजायला दोन मोसम लागले. एका बाबतीत मात्र तू बरोबर नाहीस. खराटा घरातून जाणार नाही. तो आपल्या अंगणासाठी राहील. खराटा कुणाच्या घरात नसतो? तुझ्या हैदराबादच्या फ्लॅटमध्येही असेल, फक्त तो मारायला कुणीतरी दुसरी येत असेल. तिचं नाव तुला माहीत असेल अशी मी आशा करते.

हे लिहितेय तोवर अप्पा परसात दोरी लावतायत. बारापैकी आठ वाफे मोडायचे म्हणतात. चार ठेवणार, विहाराच्या नऊ पोत्यांत होतील तेवढेच. मी म्हटलं, शाळेला विचारू, कुंपणाच्या आतून आणू, रीतसर पत्र देऊन. ते म्हणाले, "न्हाई. जेवढा आपला पाला तेवढंच आपलं रान."

नवात चारच वाफे होतात, हे गणित माझंच आहे. त्यात चूक काढायला जागा नाही.

तू यायचं की नाही ते ठरव. पण जो राग अप्पांवर धरलायस, तो चुकीच्या माणसावर आहे.

रूपाली


बीदर
९ एप्रिल २०२५

अण्णा,

रविवारी तू अप्पांना फोन केलास तेव्हा मी घरीच होते. परसात, मोडलेल्या वाफ्यांतलं तण काढत होते. अप्पा "हां, हां" एवढंच म्हणत होते. अप्पांचं बोलणं संपत आलं तेव्हा मी दारापर्यंत आले होते. ते म्हणाले, "रूपा हाय हितंच, देऊ का?" मग थोडा वेळ ऐकत राहिले. मग फोन खाली घेऊन मला म्हणाले, "नेटवर्क गेलं बग." फोनवर चारही कांड्या दिसत होत्या. मी "व्हय, हितं जातंच मधी" असं म्हटलं.

माझ्याशी न बोलण्याच्या तुझ्या निर्णयावर मला काही म्हणायचं नाही. पत्र लिहिताना मी हे धरून चालले होते. उत्तर वेगळं आलं असतं तर मला आश्चर्य वाटलं असतं.

तुम्ही वीस तारखेला येताय. त्यासाठी थोडं लिहून ठेवते, कारण आई-अप्पा तुला काहीच सांगणार नाहीत, सगळं ठीक आहे म्हणतील.

गाडी आपल्या बाजूने आण, रस्ता आता झालाय. वहिनींच्या वडिलांनाही आण. त्यांच्यासमोर घालायला अप्पांनी स्वतःसाठी नवीन धोतर काढून ठेवलंय. त्या दिवशीचं ते दोघं एकमेकांत मिटवतील. अप्पा म्हणाले, "त्यांची काय चूक? माझ्या तोंडाला टावेल हुता. मी बी वळखलो नसतो मला."

परस बघितल्यावर "एवढंसंच?" म्हणू नकोस. चार वाफे आहेत. मेथी आणि शेपू काढून झालेत, चवळी वर चढतीय, वांगी या वर्षी पिवळी नाहीत. बाकीच्या आठांवर अप्पांनी काही लावलेलं नाही आणि लावणार नाहीत. त्या जागेला भेगा पडल्यात. आईने तिथं वाळवणाच्या बाजा टाकल्यात, म्हणजे फार दिसू नयेत. उत्पला रांगत असेल तर तिकडं सोडू नका, पाय अडकेल.

धनराजच्या बाजूचं: राजूबाई आठ दिवसांपूर्वी घरी आल्या होत्या. त्यांच्या मुलीचं जमलं, पेढे घेऊन. आत आल्या, बसल्या, चहा प्यायल्या. त्या दिवसाबद्दल बोलल्या नाहीत. जाताना आईला म्हणाल्या, "नागनाथ अजून रुसलाय का गं? गल्लीत पाल्याचा नुस्ता ढीग झालाय." आई म्हणाली, "तुमच्या सुनंला खराटा न्हाई का?" राजूबाई हसल्या. आई हसली नाही. आता त्या गल्लीत संध्याकाळी धूर असतो. अप्पा खिडकी लावून घेतात.

अप्पा तुला साडेतीन पोत्यांतलं एक पोतं देणार आहेत. नको म्हणू नकोस, गाडीच्या डिकीत मावतं. कुंड्यांत वापरायचं तर तीन वाटे माती, एक वाटा हे. नुसतंच भरू नकोस, पाणी फार धरतं आणि मुळं कुजतात. दाबायचं नाही. रोप लावल्यावर वरून दोन बोटं पसरलं तर उन्हाळ्यात निम्मं पाणी वाचतं. हैदराबादचं पाणी जड असेल तर दोन वर्षांनी माती एकदा तपासून घे. नमुना कुठल्याही प्रयोगशाळेत दे, आमच्याकडेच पाठवायला हवा असं नाही.

ते पोतं कुठल्या पाल्याचं आहे हे अप्पा सांगणार नाहीत. तू विचारू नकोस. घेऊन जा.

तुझ्यासमोर अप्पा मला नावाजतील. पाल्याचं सगळं रूपानं शिकवलं म्हणतील. तेव्हा गप्प राहिलास तरी चालेल, पण त्यांना अडवू नकोस. त्यांना तेवढंच माझ्याबद्दल मोठ्याने सांगता येतं.

मी त्या दिवशी गावी नसेन. वर्षअखेरचे नमुने साठलेत, रविवारीही प्रयोगशाळेत बसावं लागेल, असं मी आईला सांगितलंय. अप्पांनी "बरं" म्हटलं आणि दुसरीकडे बघितलं. रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असतं. मी खोलीवर असेन. आईने विचारलं तर तुला माहीत नाही म्हण.

उत्पलाला अप्पांकडे द्यायच्या आधी त्यांना हात धुवायला सांगू नकोस. ते सकाळपासून दोन-तीनदा धुऊन बसलेले असतील.

रूपाली